नव्या कुत्र्यांची खोली

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे व्यवस्थापक साहेब, आणि मागच्या रांगेत अवघडून बसलेले माझे पिंजऱ्यांवरचे सहकारी,

कुत्र्यांच्या या निवाऱ्यात मी बारा वर्षं डॉक्टर आहे. मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. तो माझा प्रांत नाही, पण प्रयत्न करते.

आपण बसलात ते हे देखणं सभागृह साहेबांचीच देणगी. आधी इथे काय होतं, पाहुण्यांना ठाऊक आहे? नव्या कुत्र्यांची खोली. बाहेरून आलेलं कुत्रं इथे चौदा दिवस वेगळं राहायचं. त्याची भांडी वेगळी, झाडू वेगळा, आत जायच्या चपलासुद्धा वेगळ्या. कारण कुत्र्यांचा खोकला बघता बघता पिंजऱ्यांच्या रांगभर पसरतो, आणि लस दिली तरी तिचा गुण यायला दिवस जावे लागतात.

साहेब म्हणाले, "डॉक्टर, देणगीदारांना बसवायचं कुठे? कुत्र्यांच्या मांडीवर?" सगळे हसले. मीही हसले आणि खोली सोडायच्या कागदावर सही केली. हे सांगायलाच हवं, नाहीतर मी फार साळसूद ठरेन.

पुढच्याच महिन्यात एक नवं पिल्लू थेट मोठ्या रांगेत गेलं. सफाईच्या मावशी धावत आल्या. "साहेब, घशात हाड अडकल्यागत खोकतंय. वेगळं ठेवू द्या."

"मावशी, तुम्ही कधी खोकत नाही का?" साहेब म्हणाले. उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं.

सत्तावीस कुत्री आजारी पडली. बहुतेक बरी झाली. तीन पिल्लं गेली, आणि म्हातारा भोपळ्या गेला. मावशींनी त्याला डब्यातला घास भरवून वाढवलं होतं. शेवटी आडवं झालं की त्याला श्वास पुरेना, म्हणून मावशी त्याची मान हातावर धरून बसल्या होत्या. भिंतीपलीकडे उद्घाटनाच्या टाळ्या चालू होत्या. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो.

अहवालात साहेबांनी लिहिलं, 'वयोमानानुसार निधन.' पिल्लांचं वय काय होतं, साहेब? सात आठवडे.

आता सभागृहाला साहेबांचं नाव द्यायची सूचना आली आहे. अध्यक्ष महोदया, नाव खुशाल द्या, पण खोली आम्हाला परत द्या. उद्या सकाळी सहा नवी कुत्री येताहेत. त्यातलं एक खोकतंय, असा फोन आहे.

साहेबांना उत्तम आरोग्य लाभो. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर माफ करा. माफी मागितल्याने कुणाला कमीपणा येत नाही, साहेब.

आणि जाताना प्रत्येकाने आपली खुर्ची बाहेर नेऊन ठेवावी. मावशी दाराशी बादली घेऊन उभ्या आहेत.