शिंगाचा खटका

नाही नाही, तो खटका काढायचा नाही — हात मागे घे आधी! ‘हे एवढं काढून टाकलं की गाडी झकास आहे’ म्हणे. अरे, ते ‘एवढं’ आहे म्हणून तर ती माझी गाडी आहे. आणि विकायची आहे असं सांगितलं कुणी तुला? मिक्कालने? भाऊ आहे माझा, सख्खा — तो बघ, टेकाडावर उभा आहे, तू गाडी ट्रेलरवर कधी चढवतोस ते बघतोय — पण म्हणून माझी स्नोमोबाइल परस्पर फोनवर विकायची? मला न विचारता? बस, त्या कातड्यावर बस. किनाऱ्यावरून एवढा लांब आलायस, कॉफी पिऊन जा. ते वाळलेलं मांस कपात टाक, मऊ पडतं. पण गाडी मिळायची नाही. या रिस्तेनने नाही म्हटलं म्हणून सांग जाऊन.

बाहीकडे बघतोयस? बघ की, चोरून कशाला! उजवा हात, कोपराच्या वरून गेला. नदीवरच्या बर्फात गाडी उलटली, मी खाली, हात गाडीखाली — गोठला, मग कापला, झालं. मिक्कालने उकरून काढलं मला. तेव्हापासून मला असा जपतो जसा तडा गेलेला कप, आणि मला त्याचा असा संताप येतो ना! ‘ताई, तू घरी थांब, तुझी जनावरं मी नेतो.’ नेतो म्हणे! कानांवर माझी खूण कापलेली रेनडिअर दुसऱ्याच्या हाती समुद्राकाठच्या उन्हाळी कुरणापर्यंत पाठवायची, आणि मी काय करायचं? शेगडीपाशी बसून मोजे विणायचे? एका हाताने कसे विणतात, तूच सांग. आमच्या आत्याचं तेच झालं. गुडघे धरले म्हणून एका वर्षी कळपाबरोबर गेली नाही — बास, त्यानंतर कधी निघायचं, कुठून नदी ओलांडायची, तिला कुणी विचारलंच नाही. ‘आत्या, कॉफी ठेव’ एवढंच. माझं तसं होऊ द्यायचं नाही मला. मेले तरी नाही.

हे बघ, इकडे ये. रेस असते उजव्या अंगठ्यापाशी, ब्रेक डाव्या हाताला. बरोबर? आणि उजवा तर नाहीच. म्हणून आधी रेस डावीकडे आणली — अंगठ्याने रेस, बोटांनी ब्रेक. सोपं आहे, नाही? मलाही वाटलं. पण माणूस घाबरला की काय करतो? मूठ आवळतो. अख्खी! ब्रेक दाबला आणि रेसही दाबली, आणि जिंकली कोण — रेस! कुंपण फोडून गाडी आरपार. मिक्काल नेमका फाटकात उभा होता, बर्फात उडी मारली त्याने, म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी तुला फोन केला असणार, हो ना? वाटलंच.

‘पट्ट्याने उरलेला दंड हँडलला बांधू’ म्हणाला. वा रे अक्कल! म्हणजे पुन्हा उलटली की मी तिला बांधलेलीच. मग मी सगळं उलटंच केलं. खटका अंगठ्याच्या मागे लावला. अंगठा बाहेर ढकलला तरच रेस — मूठ आवळली की रेस बंद आणि वर ब्रेक. आता घाबरू दे कितीही, गाडी थांबणारच. प्लास्टिक इथल्या थंडीत कडकन मोडतं, म्हणून शिंग. गुडघ्यात धरून सुरीने कोरलंय मी. आणि कुणाचं शिंग माहितेय? ती बघ, गळ्यात घंटा असलेली, कळपाची पुढारीण — तिचं गेल्या वर्षी गळून पडलेलं. आणि ही दोरी, माणूस पडला की इंजिन बंद करणारी, ती रिकाम्या बाहीला बांधते. फुकट लोंबकळतेय मेली, काहीतरी काम करू दे तिला.

किती चालवली? नव्या खटक्यावर? चालवली की. अंगणात. म्हणजे... बसले वर. रोज इंजिन चालू करते आणि बसते. असा बघू नकोस माझ्याकडे! अरे, तो नसलेला अंगठा अजून रेस देतो रे. इथे, हवेत. दाबतो, दाबतो — आणि हा डावा, असलेला, मूठ वळून बसतो. उघडतच नाही. मिक्कालला यातलं काही बोलायचं नाहीस, शपथ आहे तुला. भीती वाटते, हो, वाटते! मग? भीती वाटते म्हणून गाडी विकायची?

थांब. गप्प, गप्प बस जरा — घंटा. ऐकलीस? पुढारीण निघाली. पोटात पाडस आहे तिच्या, आता ती कुणाची वाट बघत नाही, माझीही नाही नि मिक्कालचीही नाही. बर्फ कडक आहे तोवर सगळा कळप तिच्यामागे नदीपलीकडे जाईल.

ऊठ. कप तिथेच राहू दे. ट्रेलर काढ आधी वाटेतून, रिकामाच ने घरी. नको, धरू नकोस मला, चढता येतं. दोरी बाहीला... हं. किल्ली... हं. झाली चालू. आता काही बोलू नकोस. बघतोय ना मिक्काल? बघू दे. मूठ उघडतेय — हो बाजूला!