चौथी जागा

चार माणसं भरल्याशिवाय नारिन गावाची भाड्याची गाडी सोडायची नाही, हा ड्रायव्हर तुरातचा नेम. तिघं बसली होती, त्यातला एक तर घोरायलाही लागला होता. तुरात काच पुसत चौथ्याची वाट बघत होता, आणि मागच्या दोघींचं बोलणं कानावर पडत होतं.

"साइराकुल आपा, भावानं बोलावलंय का तुम्हाला?"

"नाही गं."

"बाप्तिस्मा घेतलात तेव्हापासून तोंड बघत नाही तो तुमचं. आणि तुम्ही निघालात त्याच्यासाठी पिठाचे बोरसोक तळून!"

"प्रार्थनेला बसले की त्याचंच नाव येतं तोंडात. देवानं आणखी काय, दवंडी पिटायची?"

"मग गाडी का भरत नाही? देवच म्हणतोय, जाऊ नका."

"नुरझात, गाडी भरली तर जा आणि नाही भरली तर जाऊ नको? मग देव कशाला, ड्रायव्हरलाच विचारू की!"

तुरातनं हसू दाबलं.

"आणि दार उघडलं नाही तर?"

"बोरसोक उंबऱ्यावर ठेवून परत येईन. मला जायला सांगितलंय, बाई. दार उघडायचं काम माझ्याकडे नाही दिलेलं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला आणलंय."

तुरातनं फडकं टाकलं आणि गाडी सुरू केली.

"अरे बाळा, चौथा कुठाय?"

"वाटेत कोचकोरला जरा थांबू, आपा. माझा भाऊ राहतो तिथं. रोज त्याच्या दारावरून गाडी नेतो, कधी थांबलो नाही."

"बरं, थांबू की."

"आपा... थोडे बोरसोक द्याल?"