बोळक्या तोंडाचा तमादा

…नाही हो, दात गेले त्याची तक्रार नाही माझी! वय झालं, गेले. पण खायचं काय माणसानं? तुम्हाला सांगतो, वसंतात दात गेले तेव्हापासून घरात नुसता लगदा! वांग्याचा लगदा, अक्रोडाचा लगदा, मांसाचाही लगदा! बाहेर शेगडीवर मटण खरपूस भाजतंय, वास माझ्या नाकात, आणि ताटात? लगदा! आमच्या झुझुनाला म्हटलं, "अगं, नवरा आहे मी, तान्हं बाळ नाही!" तर म्हणते कशी, "बाळ बरं, ते झोपतं तरी!"

त्यात नातवाच्या बाप्तिस्म्याची मेजवानी. आमच्यात तमादानं, म्हणजे मेजवानीच्या म्होरक्यानं, प्याला उचलून चार शब्द बोलल्याशिवाय कुणी घोट घेत नाही, आणि तो मान आजवर माझा. तर मेहुणा ओतिया म्हणतो, "दाजी, यंदा राहू द्या, तुमच्या तोंडातून शब्द कमी अन् वारा जास्त!" आणि बसला की माझ्या जागेवर! मी आपला वाडगा घेऊन कोपऱ्यात. दात गेले त्याची तक्रार नाही हो, पण खुर्चीसुद्धा जावी?

शेजारी आल्या इरमाबाई, आमच्या द्मानिसी गावच्या टेकडीवर जुनी हाडं उकरतात त्या प्रोफेसर. म्हणाल्या, "आजोबा, इथले पहिले बोळके तुम्ही नाही. टेकडीत एका म्हाताऱ्याची कवटी सापडली, अठरा लाख वर्षांपूर्वीची. एकच दात! बाकी दातांची भोकं हाडानं बुजलेली, म्हणजे दात गेल्यावरही गडी वर्षानुवर्षं जगला. कुणीतरी मऊ करून भरवलं असणार."

मी उसळलोच! "झुझुना, ऐकलंस? तेव्हासुद्धा म्हाताऱ्याची सोय बघत होते! नाहीतर तू!"

इरमाबाईंनी माझ्या वाडग्यात चमचा घातला, चाखलं. "हे कुणी कुटलं हो? मांसात एक शीर लागत नाही!"

झुझुना मनगट चोळत उभी. सून म्हणाली, "आई रोज पहाटे कुटतात. यंत्रातलं बाबांना बेचव लागतं म्हणून."

मी उठलो. ओतियाच्या हातातला प्याला घेतला. "त्या म्हातारबाचं हाड तरी सापडलं, भरवणारीचं नावही उरलं नाही. हा प्याला तिच्यासाठी, आणि माझ्या झुझुनासाठी. हिच्यामुळे जिवंत आहे मी!" वारा सुटला तोंडातून, सुटू दे! सगळ्यांनी उभं राहून प्याले रिकामे केले, ओतियानंसुद्धा. खरं सांगतो, हिचे उपकार फिटायचे नाहीत.

झुझुनानं डोळे पुसले. "झालं बोलून? मग खा. गार होतंय."

बसलो निमूट खायला. काय करणार! अठरा लाख वर्षं झाली, अजून बोलायला आम्ही आणि कुटायला त्या!