मनोऱ्यावरचं घरटं

टायटसव्हिलच्या कचेरीत मासेमारीच्या परवान्यासाठी मी रांगेत होतो. पुढे कोळंबीच्या बोटीची मालकीण ओडेट आणि रॉकेट कंपनीतला वेन्डेल उभे होते.

“काय रे वेन्डेल, तुमचं रॉकेट अजून जमिनीवरच?”

“उड्डाणाचा परवाना अडकला होता गं.”

“नियम सोपे झाले म्हणून पेढे वाटल्यासारखे डोनट वाटत फिरलास ना गावभर?”

“झालेच सोपे! पूर्वी परवाना देणारे सरकारी साहेब सांगायचे, असं करा, तसं करा. आता म्हणतात, कसं करायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त धोका नाही हे आम्हाला पटवा.”

“मग पटवायचं.”

“पटवलं की! म्हणाले, हे पटलं नाही. मग काय पटेल, विचारलं. तर म्हणाले, ते आम्ही सांगायचं नाही, नियम सोपे केलेत.”

“ही मोकळीक मागायला वॉशिंग्टनला कोण गेलं होतं?”

“आम्हीच. नवे टाय बांधून.”

“भोगा आता!”

“तेवढ्यात उड्डाणाच्या मनोऱ्यावर मत्स्यगरुडानं घरटं बांधलं. घरट्यात अंडी, म्हणजे कायद्यानं मनोऱ्याला हात लावायचा नाही. आणि नेमका तेव्हाच आमचा परवाना आला.”

“अरे देवा! मग?”

“मग काय, पिल्लं मोठी होईपर्यंत परवान्याची मुदत संपली.”

“म्हणजे गेल्या दोन वर्षांत तुमच्या तळावरून काहीच उडालं नाही?”

“असं कसं? परवा तीन पिल्लं उडाली. नियंत्रण कक्षातले सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.”