उद्योजकांची न्याहारी

नाही, तुम्हीच सांगा, ज्याला कामाला माणूस हवाय त्याच्या दारात माणसं पाठवायची, आणि तीही कामाची नाहीत, तर 'तुम्हाला माणूस हवाय का हो?' असं विचारणारी! एक गेलं की दुसरं हजर. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र आणि बगलेत पाण्याची ही एवढी बाटली, जशी काही ओहायो नदी आटलीय. मी म्हणते, हवाय. कितीदा सांगू? एक माणूस. दोन हात. पहाटे उठणारा. यात न कळण्यासारखं काय आहे? ...बसा, बसा, कॉफी देते, पण आता ऐकायचं पूर्ण. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज पीठ मळवणार नाही.

तर हा खांदा. उजवा. वर जातो तो इथपर्यंत, बघा, त्यापुढे नाही. लग्न होऊन या दुकानात आले तेव्हापासून पीठ मळतेय, आता तो संपावर गेला, त्याचं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, 'मिसेस गोर्स्की, शस्त्रक्रिया. मग हात गळ्यात बांधून घरी बसायचं, झाडांना पालवी फुटेपर्यंत. नाहीतर हा हात कायमचा गेला म्हणून समजा.' मी म्हटलं, ठीक आहे, पण ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदला मंगळवार तेवढा जाऊ दे, सगळ्या गावाला पोंचकी, म्हणजे जॅम भरलेले पोलिश डोनट, खायला घालते, आणि मग कापा काय कापायचं ते. त्या मंगळवारी गोर्स्कींचं दुकान बंद राहिलं तर माझी सासू थडग्यातून उठून येईल, आणि येताना लाटणं घेऊन येईल.

बुधवारची तारीख मिळाली. पण दुकानाचं काय? व्हर्जिल होता. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हापासून माझ्याकडे कामाला. गल्ला बघायचा, गाडीत खोकी भरून गावभर डोनट पोहोचवायचा. पीठही त्याला जमतं, तळणही जमतं. पण मी घरी बसल्यावर हा कढईपाशी उभा राहिला तर गल्ल्यावर कोण? आमच्या ह्यांचं, लेनर्डचं, नाव काढू नका. लेनर्डला कढईपाशी उभं करायचं तर आगीचा बंब आधीच बोलावून ठेवावा लागतो. म्हणून एक माणूस. दोन हात. पहाटे उठणारा. दारावर पाटी लावली, चर्चमध्ये सांगितलं, केस कापायला गेले तिथे सांगितलं. कोणी नाही. आणि मग लेनर्डच, टीव्हीवरची नजर न काढता, म्हणाला, 'अगं, जिल्ह्याचं ते मनुष्यबळ मंडळ आहे ना, माणसं मिळवून देणं त्यांचं कामच आहे, त्यांना कळव.' उभ्या संसारात या माणसाने मला एकच सल्ला दिला, आणि तो हा!

कळवलं. आली. केल्सी प्रुइट, उद्योजक संपर्क अधिकारी. गोड पोरगी हो, तिच्यावर राग नाही माझा. मला म्हणते, 'मिसेस गोर्स्की, एक उद्योजक म्हणून...' मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मला आजवर कोणी उद्योजक म्हटलेलं नाही, डोनटवाली म्हणतात. 'आम्ही उद्योजकांपर्यंत पोहोचतोय,' म्हणाली. मी म्हटलं, पोहोचलीस, पोरी, बस, हा डोनट खा, आणि मला एक माणूस दे. 'तसं नसतं, मिसेस गोर्स्की. आधी तुमची गरज समजून घ्यायची असते.' माझी गरज एक माणूस. 'हो, पण त्या गरजेचं स्वरूप?' स्वरूप? दोन हात! 'आणि पुढच्या पाच वर्षांत तुमच्या क्षेत्रात कोणती नवी कौशल्यं लागतील असं तुम्हाला वाटतं?' पोरी, पाच वर्षांनीही डोनटला मधे भोकच असणार आहे! तिने ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मग हात हातात घेऊन म्हणाली, 'तुमच्याशी बोलून खूप शिकायला मिळालं.' आणि गेली. शिकायला मिळालं म्हणे... मला काय मिळालं?

मग फोन. 'आमच्या केल्सी तुमच्यापर्यंत पोहोचल्या का?' पोहोचल्या. 'त्यांच्या पोहोचण्याबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात?' मी म्हटलं, त्यांच्या पोहोचण्याबद्दल मी फार समाधानी आहे, आता एखादा माणूसही पोहोचवा. 'धन्यवाद, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' हे तर काहीच नाही. त्यांच्या यादीत खरोखर एक बाई होती, ओपल नावाची. मला पुढे चर्चमध्ये भेटली, पहाटे उठायची सवय, आयुष्यभर गाई पाळलेली. मी म्हटलं, उद्यापासून ये. तर मंडळ म्हणतं, तसं नाही येता येणार, आधी त्यांना कामाची सवय लावणाऱ्या वर्गाला बसावं लागेल, नाहीतर त्यांची सरकारी मदत बंद होईल. काय शिकवतात वर्गात? वेळेवर उठणं. आणि वर्ग भरतो कधी? सकाळी दहा वाजता! चार वाजता गाईखाली बसणारी बाई दहा वाजता जाऊन उठायला शिकत होती. शिकली बिचारी. इतकी छान शिकली की इस्पितळाने तिला चौकशीच्या खिडकीत बसवली. आता सावकाश उठते.

आणि मग आली ती न्याहारी. 'उद्योजकांची न्याहारी.' बोलिंगच्या हॉलमध्ये, सकाळी साडेसातला. विषय काय, तर 'उद्योजकांना माणसं का मिळत नाहीत?' साडेसातला! त्या वेळेला डोनटच्या दुकानात काय चालतं ते तुम्ही रोज बघताच, रांग पार त्या टायरवाल्यापर्यंत गेलेली असते. मी म्हटलं, मला नाही जमणार. 'अरेरे,' केल्सी म्हणाली, 'बरं मग, एक काम होतं. न्याहारीसाठी डोनट लागतील. तुमच्याकडूनच घ्यायचं ठरलंय. स्थानिक उद्योजकाला प्रोत्साहन.'

लक्षात येतंय का तुमच्या? मला पहाटे उठणारा माणूस का मिळत नाही यावर चर्चा करणाऱ्यांसाठी डोनट करायला मी त्या दिवशी रोजच्यापेक्षा आणखी लवकर उठले! हा खांदा घेऊन! खोकी घेऊन व्हर्जिलला पाठवला. तिथे माझ्या नावाची पाटी लावलेली खुर्ची, रिकामी. फोटोत वाईट दिसते म्हणून मंडळाच्या संचालकांनी व्हर्जिललाच तिच्यावर बसवला. परत आला, मी विचारलं, 'काय म्हणाले रे?' तर व्हर्जिल म्हणतो, 'बर्निस, कळलं काही नाही, पण पडद्यावर बाण फार होते. बँकवाला होता, इस्पितळवाला होता, तो विमावाला होता. तिघांनाही माणूस नको होता. डोनट हवे होते.'

मला वाटलं, झालं, आटोपलं. तर पंधरवड्याने पत्र! मी न्याहारीला आले नाही, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं 'पोहोचण्यास अवघड उद्योजक' या वर्गात. अवघड? मी? गावाच्या मुख्य रस्त्यावर, सिग्नलच्या कोपऱ्यावर, छतावर हा एवढा लाकडी डोनट ठेवून मी बसलेय! आंधळासुद्धा वासावर येतो! आणि अशा अवघड उद्योजकांपर्यंत पोहोचण्यासाठी मंडळाने खास मोहीम काढली. मोहीम म्हणजे काय? आणखी एक न्याहारी. आणखी डोनट. आणखी लवकर उठा. माझी मागणी तीच होती हो, एक माणूस, दोन हात... आणि हे मला दर खेपेला आणखी दोन खोकी वाढवून देत होते.

आता इथे जरा नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. त्या दुसऱ्या न्याहारीत संचालकांच्या एक गोष्ट लक्षात आली. केल्सी बिचारी गावभर दारं ठोठावत फिरते, तर लाकडाच्या वखारीचा मालक मागच्या दाराने पळतो, टायरवाला गाडीखाली शिरतो, शाळेची मुख्याध्यापिका फोनवर असल्याचं नाटक करते. आणि व्हर्जिल हॉलमध्ये शिरला की सगळे उठून त्याच्याकडे! 'ये रे व्हर्जिल! मेपलच्या पाकातला डोनट आणलास का? घरी काय म्हणतात?' वखारवाल्याची बायको माहेरी का गेलीय हे व्हर्जिलला ठाऊक, टायरवाल्याला साखर वर्ज्य आहे आणि तरी तो काय खातो हेही ठाऊक. असणारच! वर्षानुवर्षं रोज सकाळी त्यांच्या दारात गरम खोकं घेऊन उभा राहिलाय तो! डोनट घेऊन आलेल्याला कोण दार लावतं? पण संचालकांना वाटलं, वा! काय हा माणूस! हा तर उद्योजकांपर्यंत आधीच पोहोचलेला आहे.

पोंचकीचा मंगळवार चार दिवसांवर आला होता. व्हर्जिल दुपारी दुकान झाडून झाल्यावर माझ्यासमोर उभा राहिला. एप्रन काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. मी म्हटलं, 'काय रे?' म्हणाला, 'बर्निस, मला मंडळाने घेतलंय. संपर्क अधिकारी म्हणून. सोमवारपासून.' मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. तो नाही हसला. 'इस्पितळाचा खर्च ते देणार, बर्निस. भरपगारी सुट्टी आहे. आणि आठ वाजता जायचं. कारखाना होता तेव्हा पहाटपाळी, इथे पहाट... मी उजाडल्यावर कधी उठलोच नाही गं.'

राग तर आला होता मला, पण बोलत होता ते खरंच होतं. त्याला तसा पगार मी देऊ शकत नाही, तशी सुट्टीही नाही. 'जा,' म्हटलं, 'आणि आठला नीट न्याहारी करून जात जा.' तो गेला, आणि मी आत जाऊन त्या पिठाच्या पोत्यावर बसून रडले. खोटं कशाला सांगू? खांद्यासाठी नाही रडले. इतक्या वर्षांत त्या गल्ल्यामागे दुसरं कोणी उभं राहील असं मनातच आलं नव्हतं. एक माणूस मागितला, तर होता तोच घेऊन गेले.

डॉक्टरांना फोन केला, बुधवार रद्द करा म्हटलं. ते म्हणाले, 'मिसेस गोर्स्की, तो हात तुम्हाला हवाय ना?' मी म्हटलं, हवाय म्हणूनच मंगळवारी लागणार आहे. पोंचकी एका हाताने केली. दुसरा हात नुसता शोभेला.

आणि गुरुवारी, उपास सुरू होताना बुधवारी चर्चमध्ये कपाळावर लावलेली राखेची खूण अजून पुरती गेली नव्हती माझी, दार वाजलं. बघते तर व्हर्जिल! निळा शर्ट, छातीवर मंडळाचं नाव, गळ्यात ओळखपत्र. पाण्याची बाटलीसुद्धा! 'मिसेस गोर्स्की,' म्हणतो, 'आम्ही उद्योजकांपर्यंत पोहोचतोय.' मी म्हटलं, 'मेल्या, तुझा एप्रन अजून त्या खुंटीला आहे, मला मिसेस गोर्स्की म्हणतोस?' कानापर्यंत लाल झाला. हळूच म्हणाला, 'विचारावंच लागतं गं, बर्निस.' आणि पुन्हा सरळ उभा राहून, 'तुमची सध्याची सर्वांत मोठी अडचण?' माझा माणूस गेला. 'कशामुळे गेला?' मी त्याच्याकडे बघितलं. त्याने कागदाकडे बघितलं. कागदावर पर्याय होते: निवृत्ती, आजारपण, दुसऱ्या गावी स्थलांतर. त्याने बराच वेळ पेन फिरवलं आणि सगळ्यांत खाली 'इतर'वर खूण केली.

'आणि जागेसाठी पात्रता?' तुला माहीत नाही? एक माणूस, दोन हात, पहाटे उठणारा! लिहून घेतलं त्याने. जाताना दारात थबकला. 'बर्निस... पुढच्या आठवड्यात न्याहारी आहे. आता माझ्यामुळे सगळेच येतो म्हणतायत. तर... दुप्पट डोनट लागतील.' बरं, म्हटलं, आणि ते हॉलवर पोहोचवणार कोण? माझा पोहोचवणारा तर तू नेलास. तर म्हणतो, 'ते तुलाच आणावे लागतील बहुतेक.'

नेले. काय करणार? दुकानावर 'बंद' अशी पाटी लावली आणि दुकानं का बंद पडतात या चर्चेला गेले. लेनर्डने गाडी चालवली, दोन खोकी पाडली. आत शिरले तर टाळ्या! माझ्या नावाच्या खुर्चीवर मला बसवलं, फोटो काढला, संचालक माइकवर, 'आज मला सांगायला अतिशय आनंद होतोय, की आपण अखेर मिसेस गोर्स्कींपर्यंत पोहोचलो आहोत!' आणि बक्षीस. लाकडी ढाल, ही एवढी जाड, वर पितळी पट्टी. माझ्या हातात दिली. या हातात! व्हर्जिल धावला म्हणून, नाहीतर संचालकांच्या पायावरच गेली असती. त्यानेच ती इथपर्यंत आणून त्याच्या एप्रनच्या खुंटीला टांगली, ती बघा, तुमच्या डोक्यावर. जरा सांभाळून, खुंटी सैल आहे.

असो. मंडळ माझ्यापर्यंत पोहोचलं. आता मी त्या डॉक्टरपर्यंत कधी पोहोचते ते देव जाणे. पुढच्या न्याहारीचा निरोप आलाय, त्यासाठी पीठ भिजवायचंय... कॉफी झाली ना तुमची? हात रिकामे आहेत ना, दोन्ही? मग जाता जाता ते पिठाचं पोतं तेवढं कढईपाशी ओढून द्या. आणि पहाटे सहज जाग येते का हो तुम्हाला?