नगराध्यक्षांची दाढ

श्रोतेहो, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्या हातानं आपला जीव वाचवला, त्याच हाताची चारचौघांत लाज का वाटते? उत्तर देऊ नका — उत्तरं सगळ्यांचीच छान असतात! गोष्ट ऐका.

गोष्ट अमेरिकेतली, दक्षिणेकडची, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. गाव माझ्या मनातलं, माणसंही मनातली. पण अशा बायका तिकडे खरोखर होऊन गेल्या, म्हणून सांगतो.

विलोफील्ड नावाचं गाव. तिथं हेस्टर नावाची काळी बाई गोऱ्यांचे कपडे धुवायची. नवरा न्हावी. तेव्हा दातही न्हावीच उपटायचे. त्यांची मुलगी ड्रुसिला शेजारी उभी राहून विचारायची, "बाबा, एवढं रडवून कशाला काढता?" मंडळी, दुसऱ्याचं रडणं ज्याला ऐकू येतं ना, तो वैद्य होतो. बाकीचे नुसता डगला घालतात!

पोरगी शिकायला निघाली. चार कॉलेजांनी नाही म्हटलं. पाचव्यानं घेतलं! का? अर्जावर लिहिलं होतं — 'डी. मेबरी'. त्यांना वाटलं, कुणी गोरा गृहस्थ असेल! दारात ही उभी राहिली तेव्हा प्राचार्यांच्या हातातली कॉफी धोतरावर... विजारीवर हो, विजारीवर सांडली! पण प्रवेश देऊन बसले होते. तिला शेवटच्या बाकावर बसवलं. परीक्षेत आली पहिली!

तर ड्रुसिला त्या मुलखातली पहिली काळी दंतवैद्य झाली, गावात दवाखाना उघडला. आणि गावाला आनंद झाला? छे! नगराध्यक्ष होते हॉरेस पेटिग्रू. त्यांनी लगेच नियम केला — काळ्या वैद्यानं गोऱ्या माणसाला हात लावायचा नाही. लावला, तर दवाखाना बंद!

नियम झाला, आणि सहा महिन्यांनी साहेबांची दाढ ठणकली. देव कुणाला कुठून बोलवेल, सांगता येत नाही! गावातला गोरा दंतवैद्य सकाळपासूनच बाटलीत. त्यानं दाढ काढली — शेजारची! दुखरी तशीच. गाल फुगला, डोळा मिटला, ताप चढला, गिळता येईना.

भर दुपारी ड्रुसिलाच्या दवाखान्याचं मागचं दार वाजलं. हेस्टरनं उघडलं. बायकोची शाल डोक्यावरून घेतलेले नगराध्यक्ष! हेस्टर लेकीला म्हणाली, "दार लाव. हा खुर्चीत मेला, तर गाव आपल्याला घरासकट जाळेल. जगला, तर हाच दवाखाना बंद करेल."

खोटं काय होतं त्यात? ड्रुसिलानं हात धुवायला घेतले. ती म्हणाली, "आई, पू कोणत्या रंगाचा असतो, ठाऊक आहे? मी रोज बघते. सगळ्यांचा सारखाच." आणि साहेबांना म्हणाली, "बसा. आ करा."

पाऊण तास लागला. दाढ निघाली, पू निघाला. कालपरवापर्यंत रस्त्यात "ए पोरी" म्हणणारा माणूस म्हणाला, "डॉक्टर... कुणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तोंड तुमचं आहे."

गुरुवारी नगरपालिकेची सभा. साहेब उठले. काय बोलले? नियम आणखी कडक करा! आणि काय स्पष्ट, खणखणीत बोलले म्हणता — तोंड बरं झालं होतं ना!

ड्रुसिलानं ऐकलं. त्या दिवशी ती रडली. एकदाच.

पुढं ऐका. साहेबांनी गुपचूप खजिनदाराला पत्ता सांगितला, खजिनदारानं न्यायाधीशाला, न्यायाधीशानं पाद्रीबाबांना! सगळे मागच्या गल्लीतून. शेवटी ड्रुसिलानं गवंडी बोलावला आणि मागचं दार विटांनी बुजवून टाकलं.

सोमवारी पुढच्या दाराशी, बाकावर कोण? खजिनदार, न्यायाधीश, पाद्रीबाबा. आणि दुसरी दाढ घेऊन नगराध्यक्ष! चौघांचे गाल सुजलेले, चौघेही एकाच वर्तमानपत्रात तोंड लपवायला बघतायत! साहेब पुटपुटले, "आधी मला घ्या." रांगेत पुढं जोसाया नावाचा म्हातारा काळा सुतार होता. तो सरकून म्हणाला, "बसा साहेब. उभं राहून ठणका कमी होत नाही." ड्रुसिला आतून म्हणाली, "नंबरानं!" बसले हो. बसले!

नियमाचं काय झालं? रद्द? नाही! पुस्तकात तसाच राहिला. पण साक्षीला उभं कोण राहणार? ज्याला त्याला आपलं तोंड उघडून दाखवावं लागलं असतं! ड्रुसिलानं तीस वर्षं दवाखाना चालवला, दोन मुलींना हाताखाली तयार केलं. ती गेल्यावर गावानं दगडी पाटी लावली — 'या थोर स्त्रीला आमच्या गावानं घडवलं.' घडवलं!

हसलात? हसा. गेल्या महिन्यात एका गावी कीर्तन झालं. यजमानांनी मला आत पाटावर बसवलं, भातावर तूप वाढलं. आमच्या संपतरावांचं — हे तबल्यावर बसलेत ना, यांचं — ताट बाहेर ओट्यावर. आणि समतेवर दोन तास बोललेला हा बुवा काय म्हणाला? म्हणाला, "आमटी फार छान झालीय!"

आज प्रसादाची पंगत एकच आहे. संपतराव माझ्या शेजारी बसतील. ज्यांना जमणार नसेल, त्यांनी आत्ताच उठावं. मी डोळे मिटून भजन म्हणतो. कोण उठलं, मला दिसणार नाही. संपतराव मात्र डोळे उघडे ठेवूनच वाजवतात.

धरा ठेका!