बुडाखालचं सोनं

...नाही नाही, मला वाईट वाटत नाही. मुळीच नाही. वाईट कशाला वाटेल? तुम्हाला सांगतो, साडूच्या घरात सोनं आलं तर आनंदच व्हायला हवा, आपलाच माणूस... पण सोफ्याच्या गाद्या शिवणाऱ्या माणसाकडे? आणि तेही माझ्या बुडाखालचं? आता तुम्ही म्हणाल, बुडाखालचं म्हणजे काय, जरा नीट सांगा. सांगतो ना. बसा.

मी दागिन्यांना पॉलिश करतो. बावीस वर्षं. एकच कारखाना, एकच खिडकी, एकच खुर्ची. समोर मोटरवर गरगर फिरणारं चाक, चाकाला लाल लेप, त्यावर दागिना धरायचा की झाला लखलखीत. सोन्याबद्दल काय विचारायचं ते मला विचारा. एक ग्रॅम घ्या, ओढत बसा, दोन-अडीच किलोमीटर तार निघते! पाण्याच्या एकोणीसपट जड. हवेनं काळं पडत नाही, पाण्यानं गंजत नाही, नुसत्या एका तेजाबाला भीक घालत नाही, दोन तेजाबं एकत्र करावी तेव्हा कुठे विरघळतं. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये सोनं आहे, अंतराळात जाणाऱ्यांच्या टोपाच्या काचेवर आहे, आमच्या घरमालकाच्या दाढेत आहे. फक्त माझ्या बायकोच्या हातात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलून बसलो होतो, तुला एक बांगडी करतो, स्वतः पॉलिश करून देतो. तेव्हापासून मी पैसे साठवतोय आणि भाव माझ्यापुढे पळतोय. ती बिचारी काही बोलत नाही. म्हणजे, रोज बोलत नाही.

आता पॉलिश म्हणजे काय? थोडं सोनं झिजतं, तेव्हा चकाकतं. ते झिजलेलं जातं कुठे? सगळीकडे उडतं, डोळ्याला दिसत नाही. म्हणून आमचा मालक... काय माणूस आहे! हात धुतले की पाणी पिंपात, पिंपाचा गाळ गाळायचा. केर टाकायचा नाही, डब्यात भरायचा. चपला कारखान्यातच ठेवायच्या. वर्षाकाठी आमचे एप्रन गोळा करून जाळतो आणि राखेतून सोनं काढतो. सोनं जळत नाही ना! माझं टक्कल पडलं तेव्हा सगळ्यात जास्त दुःख त्यालाच झालं असणार.

तर गेल्या वर्षी कारखाना नव्या जागेत गेला. मालकानं जुनी जागा खरवडून नेली, फरशीच्या फटीसुद्धा टोकरल्या. पण माझी खुर्ची... म्हणाला, ‘इतकी वर्षं बसलात, घेऊन जा घरी, आठवण म्हणून.’ माझे डोळे भरून आले हो. उचलली आणि आणली. बायको म्हणाली, गादी बघा तिची, घरात शिरायची नाही ही खुर्ची. बरोबरच होतं तिचं, गादी पार फाटलेली, काळीकुट्ट. त्यात मला एक सवय, उठताना दोन्ही हात गादीला पुसायचे. बावीस वर्षं, रोज दहा वेळा. लक्षात ठेवा हं हे.

मग बोलावलं साडूला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शिवणकाम झकास, पण सोन्यातलं ओ की ठो कळत नाही. कॅरेट म्हणजे वजन समजायचा! आला, चहा घेतला, आणि मी... मला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? मी त्याला तासभर सगळं ऐकवलं. तार, तेजाब, अंतराळ, दाढ. एप्रन जाळण्याचं तर साभिनय. तो आपला आ वासून ऐकतोय. मग हळूच विचारतो, ‘साडूभाऊ, म्हणजे कापूस जाळला तरी सोनं तसंच राहतं?’ मी म्हटलं, अहो राहतं म्हणजे काय, जाईल कुठे? तो म्हणाला, ‘बरं... आणि या जुन्या गादीचं काय करू?’

काय सांगितलं असेन मी? मी, सोन्यातला जाणकार?

‘टाकून द्या,’ म्हटलं. वर मजुरी दिली. रिक्षाचे पैसेही दिले.

साडेअकरा ग्रॅम! त्या गादीतून शुद्ध सोनं साडेअकरा ग्रॅम! मला कळलं कधी? एक दिवस स्वारी कारखान्यात हजर, बरोबर बायकोची थोरली बहीण, तिला बांगडी करायची होती. शुद्ध सोनं बांगडीला चालत नाही, फार मऊ, तांबं मिसळावं लागतं, म्हणजे वजन आणखी वाढलं, साडेबारा! नशीब म्हणजे किती असावं माणसाचं? मालकानं विचारलं, सोनं कुठलं? साडू माझ्याकडे बघून म्हणाला, ‘घरातलंच आहे.’ गादी माझी म्हणावं तर हात गादीला पुसत होतो हे मालकाला सांगावं लागणार. आणि तो साडू, वर मलाच म्हणतो, ‘साडूभाऊ, पॉलिश मात्र तुमच्याच हातचं हवं.’ केलं. स्वतःच्या हातानं केलं, आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकं सुरेख पॉलिश मी कधी केलं नव्हतं. तरी मला वाईट वाटलं नाही हं.

घरी कळायचं ते कळलंच. बायको बांगडी बघून आली आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘आमच्या भावजींना सोन्यातलं काही कळत नाही. म्हणून त्यांना सापडलं.’ झालं! आता तुम्हीच सांगा, झोप लागेल का माणसाला? मी पडल्या पडल्या विचार करतोय, माझ्याकडे काय उरलंय? एप्रन मालकाचे. चपला मालकाच्या ताब्यात. आणि एकदम उठून बसलो. स्वेटर!

हिरवा स्वेटर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं विणलेला, माझ्या कारखान्यात गारठा असतो म्हणून. बावीस हिवाळे घातला, एप्रनच्या बाहेर कोपरापर्यंत बाह्या, सगळी धूळ त्या बाह्यांवर. म्हटलं, गादीत साडेअकरा, तर बाह्यांत निदान चार? रविवारी ती ताईकडे गेली, पुन्हा ती बांगडी बघायला. मी गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात स्वेटर, वर रॉकेल... लोकर कधी जाळलीय का तुम्ही? जाळू नका. केस जळल्याचा वास, तीन मजल्यांवरचे लोक खिडक्या आपटतायत. खालची आजी विचारते, कोण गेलं? राख गोळा केली, कारखान्यात नेऊन टाकणखार घालून मुशीत वितळवली, मालकाची नजर चुकवून.

तीस मिलीग्रॅम. मोहरीचा दाणा. तोही बारका.

कागदाच्या पुडीत बांधून घरी नेला, तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, सुरुवात आहे. ती म्हणाली, हे काय? मी सांगितलं. तिनं दाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्वेटर टांगायच्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग म्हणाली, ‘लोकर याहून महाग पडली होती.’ आणि पुडी बांधून कपाटात ठेवून दिली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पण परवा काय झालं, संध्याकाळी घरी आलो तर ही लोकर घेऊन बसलेली! हिरवीच. सुयांवर टाके घातलेले. मला इतकं भरून आलं म्हणता, बूट न काढता पुढे गेलो, छाती फुगवून उभा राहिलो, म्हटलं, घे माप. तिनं मान वर केली नाही.

‘तुम्ही बसा. भावजींचा आहे. ते जाळणार नाहीत.’

तो? ज्यानं माझी गादी जाळली, तो जाळणार नाही? बसलो आपल्या खुर्चीत. नवी गादी छान मऊ केलीय हो त्यानं, खोटं कशाला बोला. लोकरीचा गुंडाही तिनं माझ्याच हातात दिला, धरून बसायला. धरला. हिरवा रंग शोभेलही त्याला.

मला काही वाईट वाटत नाही. थंडी वाजते, एवढंच.